लक्ष्यवेधाचे नागरिक संघ व त्यांचीं दप्तरें

या त्रैमासिकाच्या वाचकांस महजर, थळपत्रें, करीने व कैफियती यांचा परिचय आहे. नेमबाजीच्या मैदानाचा व्यवहार हा विषय त्यांस येथें अस्थानीं वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो आम्हीं कां निवडला हें आरंभींच सांगतों. आम्ही शिक्षकाचा व्यवसाय करीत असतां कांहीं वर्षें राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकडीचें काम आमच्याकडे होतें. मुलांस वर्षांतून एकदोनदां पॉइंट बावीसच्या बंदुकीनें निशाण मारण्यास नेत असूं. त्या सरावाची एक वही होती. प्रत्येक मुलाचें नांव, त्यास दिलेल्या गोळ्या, लक्ष्यावर लागलेल्या गोळ्या व परत जमा झालेलीं पितळी पुंगळीं, अशीं तींत खानीं पाडलेलीं होतीं. आमच्या पूर्वीच्या शिक्षकांनींही ती तशीच भरलेली होती. पुढें शाळेची इमारत बदलली, आणि ती वही इतर कागदांबरोबर रद्दींत गेली, हें आम्हांस निवृत्त झाल्यावर कळलें. त्यांत कोणाचा दोष आहे हें शोधण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या समाजांत नागरिकांनीं स्वखुशीनें चालविलेलीं लक्ष्यभूमींचीं दप्तरें पांचशें वर्षें जतन झालीं, त्या समाजास त्यांपासून काय मिळालें, हें पाहण्याची जिज्ञासा तेव्हांपासून आम्हांस लागली. प्रस्तुत लेख तिचें फल होय.

प्रथम विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे. येथें राजाच्या सैन्याचा विचार कर्तव्य नाहीं, व धनिकांच्या मृगयेचाही नाहीं. गांवांतील विणकर, खाटीक, सोनार, व्यापारी अशा लोकांनीं एकत्र येऊन, वर्गणी काढून, आपल्यांतूनच अधिकारी निवडून, शरसंधानाची किंवा बंदुकीची एक जागा चालवावी, अशा संघांचा हा विचार आहे. फ्लांडर्स, हॉलंड, जर्मन देश व स्वित्झर्लंड येथें असे संघ चौदाव्या शतकापासून आढळतात. डच भाषेंत लक्ष्यास ‘डूल’ म्हणतात. त्याचें अनेकवचन ‘डूलेन’ हें प्रथम निशाण मारण्याच्या जागेस, नंतर तेथील संघगृहास व शेवटीं त्या गृहांतील मेजवान्यांच्या दिवाणखान्यासही लागूं लागलें. आपल्याकडे ‘तालीम’ हा शब्द शिक्षणावरून शिक्षणाच्या जागेस लागला, तसाच हा अर्थविस्तार होय. संस्कृतांत लक्ष्य, वेध्य, शरव्य असे शब्द विपुल आहेत. परंतु लक्ष्य लावण्याच्या सार्वजनिक जागेस व ती चालविणाऱ्या मंडळीस रूढ झालेला एकही शब्द आम्हांस सांपडला नाहीं. शब्द नाहीं याचा अर्थ वस्तु नव्हती असा सरसकट करूं नये, तथापि ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

फ्लांडर्समधील व्यवस्था अशी होती. आडव्या धनुष्याचे म्हणजे यंत्रधनुष्याचे संघ बहुधा संत जॉर्जच्या नांवाचे, व उभ्या धनुष्याचे संत सेबास्टियनच्या नांवाचे असत. सेबास्टियनच्या कथेंत त्यास बाणांनीं विंधिल्याचा प्रसंग आहे. जें शस्त्र त्याच्या देहांत रुतलें त्याच शस्त्राच्या लोकांनीं त्यास आपला रक्षक मानावें, हें धर्मेतिहासाच्या अभ्यासकांस नवल वाटणार नाहीं. नगरानें संघास तटाजवळची जागा द्यावी, सणावारीं मद्य द्यावें, गणवेषाच्या कापडास साह्य करावें. आणि संघानें नगरावर प्रसंग आला असतां शस्त्र घेऊन उभें राहावें, असा हा परस्परांचा करार होता. सभासद होऊं इच्छिणारानें शपथ घ्यावी, प्रवेशाचें द्रव्य भरावें व शस्त्र आपलें स्वतःचें आणावें. कांहीं संघांत सभासद मृत झाल्यावर त्याचें धनुष्य किंवा ठराविक रक्कम संघाकडे जमा होई, व संघ त्याच्या उत्तरक्रियेस हजर राही. अशा रीतीनें मरणाची नोंदही सभासदांच्या यादींतच होऊन जाई. वंशावळींचे संशोधक या याद्यांकडे मोठ्या आदरानें पाहतात, त्याचें कारण हेंच.

वर्षांतून एकदां उंच खांबाच्या टोकावर लांकडी पक्षी बसवून त्याचा वेध करीत. जो तो पाडील तो त्या वर्षाचा ‘राजा’. ओळीनें तीन वर्षें पाडील त्यास ‘सम्राट’ म्हणत. राजानें संघाच्या गळसरींत आपल्या नांवाचा रुप्याचा पत्रा जोडावा अशी चाल असल्यामुळें त्या माळा वर्षानुवर्षें वाढत गेल्या. ही माळ म्हणजे धातूवर लिहिलेली शकावलीच होय. 1615 सालीं ब्रुसेल्स येथें त्या प्रांतांची राज्यकर्ती आर्चडचेस इझाबेला हिनें स्वतः यंत्रधनुष्य घेऊन पक्षी पाडिला; त्या समारंभाचीं चित्रेंही तिनें काढविलीं.

येथें आमच्या वाचकांच्या मनांत आदिपर्वांतील द्रोणाचार्यांची परीक्षा उभी राहिल्याशिवाय राहणार नाहीं. तेथेंही शिल्प्यांकडून करविलेला कृत्रिम भास पक्षी वृक्षाच्या अग्रावर बसविलेला आहे, खरा पक्षी नव्हे. साम्य मनोहर आहे. परंतु तेवढ्यावरून कोणी कोणापासून घेतलें असें अनुमान बांधणें हा आमच्यांतील कांहीं विद्वानांचा आवडता छंद असला, तरी आम्ही त्यापासून दूर राहूं. उंचावरील लहान वस्तूचा वेध ही कल्पना धनुष्य हातीं असलेल्या कोणत्याही समाजास सुचण्याजोगी आहे. भेद मात्र लक्षांत ठेवण्यासारखा आहे. द्रोणांच्या परीक्षेंत गुरु परीक्षक व शिष्य परीक्ष्य. फ्लांडर्समध्यें परीक्षा घेणारे व देणारे एकाच यादींतील सभासद.

ब्रूज नगरांतील संत सेबास्टियनचा संघ अद्याप चालू आहे, व सोळाव्या शतकापासूनचें त्याचें संघगृह उंच सडपातळ मनोऱ्यासह उभें आहे. इंग्लंडचा दुसरा चार्लस राज्यभ्रष्ट होऊन ब्रूज येथें राहिला होता तेव्हां तो या संघाचा सभासद झाला होता. ज्याचें राज्य गेलें आहे अशा राजास कसाबांच्या व विणकरांच्या यादींत नांव घालून घ्यावेंसें वाटलें, यावरून त्या यादीची प्रतिष्ठा कळते.

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष रुचेल अशा भागाकडे वळूं. जर्मन व स्विस नगरें एकमेकांच्या संघांस स्पर्धेचें आमंत्रण पाठवीत. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील अशीं आमंत्रणपत्रें अनेक दप्तरांत राहिलीं आहेत. मुद्रणकला आल्यावर तीं छापूनही निघूं लागलीं. स्पर्धेचा दिवस, बक्षिसें, प्रवेशाचें मूल्य व प्रत्येकानें मारावयाचे बाण किंवा गोळ्या इतकें त्यांत असेच. परंतु खरी अडचण निराळी होती. प्रत्येक नगराचें पाऊल म्हणजे लांबीचें माप वेगळें. इतक्या पावलांवर लक्ष्य आहे असें लिहिलें तरी तें पाऊल कोणाचें? तसेंच लक्ष्याचें वर्तुळ केवढें? यावर त्यांनीं काढलेला तोड आम्हांस फार आवडला. पत्राच्या कांठावर त्या नगराच्या पावलाची लांबी दाखविणारी रेघ ओढीत, व लक्ष्याचें वर्तुळ प्रत्यक्ष मापानें कागदावर काढून देत. दूरच्या गांवच्या नेमबाजानें त्या रेघेवरून दोरी मापावी, आपल्या मैदानांत तेवढें अंतर आंखावें व तेवढ्याच वर्तुळावर सराव करून यावें.

आमच्याकडील जमीनमोजणीच्या कागदांत ‘पांच हात पांच मुठीची काठी’ असा निर्देश येतो. परंतु हात कोणाचा, मूठ कोणाची, या प्रश्नावर संशोधकांनीं किती शाई खर्च केली आहे हें वाचक जाणतातच. एखाद्या कारकुनानें कागदाच्या मागें एक मूठभर रेघ ओढून ठेवली असती तर तो सारा वाद मिटला असता. अशा रेघा असलेलें युरोपीय पत्र हातीं आल्यास त्याच्या कडा छाटूं नयेत, व तें दुमडून चौकटींत बसवूं नये, इतकें येथेंच सांगून ठेवतों. कागद ओला होऊन आकसलेला असल्यास रेघही आकसते, हेंही मापणारानें ध्यानांत धरावें.

या स्पर्धांचा खर्च भागविण्यास संघांनीं सोडत काढण्याची युक्ति केली. 1504 सालीं झ्यूरिक येथें मोठी स्पर्धा भरली. त्या वेळीं चिठ्ठी घेणाऱ्या प्रत्येकाचें नांव एका दप्तरांत लिहून घेतलें. त्यांत वीस हजारांहून अधिक नांवें आहेत. पुरुषांबरोबर स्त्रियांचीं, मुलांचीं, चाकरांचींही नांवें त्यांत आहेत, व पुष्कळांच्या पुढें त्यांचें गांव दिलेलें आहे. करवसुलीच्या यादींत ज्यांस स्थान नाहीं अशीं माणसें खेळाच्या यादींत सांपडतात. तें दप्तर 1942 सालीं छापून प्रसिद्ध झालें, व तेव्हांपासून त्या प्रांतांतील आडनांवांच्या अभ्यासाचें तें एक मुख्य साधन झालें आहे. चिठ्ठ्या विकणाऱ्या लेखनिकाच्या मनांत आपण पुढील पिढ्यांसाठीं कांहीं लिहीत आहों असें स्वप्नांतही नसेल. त्यास केवळ हिशेब चुकूं द्यावयाचा नव्हता.

1576 सालच्या स्ट्रासबुर्ग येथील स्पर्धेची कथा तर सर्वश्रुत आहे, तरी ती थोडक्यांत देतों. झ्यूरिकचे लोक भल्या पहाटे नावेंत बसून, सोबत मोठ्या धातूच्या हंड्यांत वरीच्या जातीच्या धान्याची ऊन पेज घेऊन, लिम्माट, आर व ऱ्हाईन या नद्यांनीं एका दिवसांत स्ट्रासबुर्गास पोंचले. पेज अजून कोमट होती. पेज निवण्याच्या आंत आम्ही तुमच्या साह्यास येऊं शकतों, हा त्यांतील संदेश. हा विनोद असला तरी वायफळ नव्हता. 1588 सालीं या नगरांमध्यें संरक्षणाचा तह झाला. तो हंडा स्ट्रासबुर्गच्या संग्रहालयांत आजही आहे.

मैदानावरील शिस्तीविषयीं लिहिणें प्राप्त आहे, कारण असे संघ टिकणें वा बुडणें बहुतांशीं तिच्यावरच अवलंबून असतें. जर्मन स्पर्धांत चिरफळ्या केलेली लांकडी फळी घेतलेला एक अधिकारी असे. तिचा फटका मारला कीं मोठा आवाज होई, इजा होत नसे. जो नियम मोडील त्यास हा अधिकारी सर्वांसमक्ष फटके देई, व अगदीं वाईट नेम मारणाराचें काव्यांत कौतुक करी. लीनहार्ट फ्लेक्सेल हा असाच एक विदूषक-कवि. 1560 सालच्या श्टुटगार्ट येथील स्पर्धेचें त्यानें केलेलें पद्यमय सचित्र वर्णन हाइडेलबर्गच्या ग्रंथालयांत हस्तलिखित रूपानें आहे, व आतां घरबसल्या त्याचीं पानें पाहतां येतात. हंसण्याच्या भीतीनें जी शिस्त राहते ती दंडाच्या भीतीनें राहत नाहीं, हा शिक्षकाच्या धंद्यांतील आमचाही अनुभव आहे.

इंग्लंडांत मात्र हा प्रश्न कायद्याच्या भाषेंत सोडविला गेला. आठव्या हेन्रीनें 1537 सालीं लंडनच्या एका संघास जी सनद दिली तींत असें कलम आहे कीं, सभासदानें नेहमींच्या माहितीच्या लक्ष्यावर नेम धरून, आधीं ‘फास्ट’ हा रूढ शब्द उच्चारून, बाण सोडला व दुर्दैवानें मध्यें येणारा कोणी मेला, तर त्याजवर खटला होऊं नये. हल्लींच्या वाचकास हें कलम क्रूर वाटेल. पण त्यांतील तीन अटी पाहाव्या: जागा ठरलेली व सर्वांस माहीत, लक्ष्य नित्याचें, आणि सुटण्यापूर्वीं उच्चारलेला ठराविक शब्द. आज कोणत्याही मैदानावर गेल्यास याच तीन गोष्टी, निशाणें व आज्ञा यांच्या रूपानें, पुन्हां दिसतात. आमच्या छात्रसैनिकांस आम्ही आज्ञेवांचून बंदुकीस हात लावूं देत नसूं, तेव्हां ही सनद आम्हांस ठाऊक नव्हती.

पैशाचा विषय आला कीं संघांचें रूप पालटतें. हॉलंडमध्यें सतराव्या शतकांत सुबत्ता आली व लक्ष्यभूमीपेक्षां जेवणाचा दिवाणखाना मोठा झाला. हार्लेमच्या नगरसभेस 1621 सालीं अशी आज्ञा काढावी लागली कीं संघांची मेजवानी तीन दिवसांहून, फार तर चार दिवसांहून, अधिक चालूं नये. फ्रान्स हाल्स यानें रंगविलेलीं त्या अधिकाऱ्यांचीं चित्रें पाहिलीं असतां आज्ञेची आवश्यकता पटते. आम्स्टरडामच्या बंदुकवाल्यांच्या संघगृहासाठीं रेम्ब्रांटनें 1642 सालीं पुरें केलेलें चित्र, ज्यास पुढें ‘रात्रीचा पहारा’ हें चुकीचें नांव पडलें, तेंही वर्गणीचेंच. त्यांतील माणसांनीं सरासरी शंभर गिल्डर दिले, व चित्रांत ज्यास जशी जागा मिळाली त्याप्रमाणें कांहींनीं अधिक तर कांहींनीं कमी दिले, अशी एका सभासदाची साक्ष उपलब्ध आहे. चित्रांतील ढालीवर अठरा नांवें नंतर लिहिलीं गेलीं. जगांतील एका श्रेष्ठ चित्रास वर्गणीदारांची यादी जोडलेली आहे हें थोड्यांच्या लक्षांत येतें. 1715 सालीं तें नगरभवनांत हलवितांना दोन दरवाजांमधील जागेंत बसावें म्हणून चारी बाजूंनीं कापलें. आमच्या शाळेंतील वहीचें दुःख हें वाचून किंचित् हलकें झालें.

हॉलंडमधील संघ अशा रीतीनें भोजनसभा बनून क्षीण झाले. स्वित्झर्लंडमधील मात्र टिकले, आणि तेंही राज्याशीं जोडले जाऊन. 1824 सालीं आराऊ येथें साऱ्या देशाचा नेमबाज-संघ स्थापन झाला. त्या वेळीं स्वित्झर्लंड हें आजच्यासारखें एकसंध संघराज्य नव्हतें. तें 1848 सालीं झालें. म्हणजे नेमबाजांचें राष्ट्र राज्याच्या राष्ट्राहून चोवीस वर्षें वडील ठरतें. आजची तेथील व्यवस्था पुढीलप्रमाणें आहे. लष्करी सेवेंतील ज्या माणसाकडे रायफल आहे त्यानें दरवर्षीं ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या गांवच्या वा शेजारच्या संघांत जाऊन तीनशें मीटरवरून वीस गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. पंचाऐंशींपैकीं बेचाळीस गुण मिळवावे, व तीनांहून अधिक गोळ्या वायां जाऊं नयेत. जो येत नाहीं त्यास पुन्हां बोलावितात. ही परीक्षा सैन्याचे अधिकारी घेत नाहींत. संघाचे सभासद घेतात. कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी गवळी शासनाचा शिक्षणवर्ग पुरा करून नेम-प्रमुख होतो व शनिवारीं सकाळीं मैदान उघडतो. जागा पुरविणें हें ग्रामसभेवर कायद्यानें बंधनकारक आहे, परीक्षेचीं काडतुसें शासन देतें, आणि श्रम सभासदांचे.

ही त्रिपक्षी रचनाच आम्हांस सर्वांत विचारणीय वाटली. पूर्वीं लक्ष्यांखालच्या खड्ड्यांत मुलें व वृद्ध बसत, व गोळी कोठें लागली तें लांब दांड्याच्या चकतीनें दाखवीत. आतां तें काम विद्युद्यंत्रें करतात. त्याबरोबर खड्ड्यांत बसून संघाची माहिती करून घेणाऱ्या मुलांची पिढीही नाहींशी झाली. घरें मैदानाच्या जवळ येत गेलीं तसे आवाजाचे तंटे वाढले. शिवाय गोळ्यांचें शिसें लक्ष्यामागच्या मातीच्या बांधांत साचून जमीन दूषित झाली आहे; अशीं सुमारें चार हजार ठिकाणें तेथें मोजलीं गेलीं आहेत व त्यांची माती शुद्ध करण्याचें काम चालू आहे. त्यामुळें लहान मैदानें बंद होऊन चारपांच गांवांस मिळून एक अशी योजना होत आहे. सभासद कमी होत आहेत. संघ मिटला म्हणजे निशाणें, पेले, याद्या व इतिवृत्तें कोणाच्या तरी माळ्यावर जातात. सुदैवी असल्यास तीं प्रांताच्या दप्तरखान्यांत पोंचतात.

आपल्याकडे असे संघ कां झाले नाहींत, या प्रश्नाचें एक उत्तर तरी स्पष्ट आहे. 1878 च्या शस्त्रकायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून शस्त्र ठेवणें अशक्य केलें, आणि युरोपियनांस मोकळीक दिली. स्वयंसेवक पलटणींचीं दारेंही हिंदी लोकांस सामान्यतः बंद होतीं. राष्ट्रीय सभेनें आरंभींच्या अधिवेशनांतच याविरुद्ध ठराव केले, ते याच कारणास्तव. ज्या राज्यास प्रजेची भीति वाटते तें राज्य प्रजेस लक्ष्यभूमि देणार नाहीं. तालमी राहिल्या, दांडपट्टा व बोथाटी राहिली. पण पल्ल्याचें शस्त्र सार्वजनिक जागेंत, उघड्या यादीनें, चालविण्याची परंपरा बनूं शकली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर 1951 सालीं हिंदुस्थानच्या राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना झाली, व लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. मावळंकरांचें घराणें मूळचें कोंकणांतलें, वास्तव्य अहमदाबादचें. सभागृहांतील शिस्तीचा अधिकारी लक्ष्यभूमीच्या संघाचा अध्यक्ष व्हावा हा योग आम्हांस शोभून दिसतो. त्यांच्या नांवाची स्पर्धा अजून भरते, व राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवर पाऊल ठेवूं इच्छिणारे तींतून जातात. पुढें 2010 सालीं म्यूनिक येथें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं जगज्जेतेपद मिळविलें, व 2024 सालीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतीलच स्वप्नील कुसाळे यांस कांस्यपदक मिळालें. कुस्तीच्या गांवीं हें घडलें याचें आश्चर्य करणाऱ्यांनीं तालमीच्या वर्गणीची वही व रायफल-संघाची वही शेजारी ठेवून पाहावी. खानीं पुष्कळशीं तींच आहेत.

तेव्हां ज्यांच्या घरीं किंवा गांवीं जुन्या तालमीच्या, छात्रसेनेच्या, गृहरक्षक दलाच्या अथवा जिल्हा रायफल-संघांच्या सभासदयाद्या, वर्गणीच्या पावत्या, काडतुसांचे जमाखर्च किंवा गोळ्यांनीं भोंकें पडलेले कागदी लक्ष्यपट असतील, त्यांनीं ते मंडळाच्या कार्यालयांत दाखवावे. लक्ष्यपटाच्या मागें बहुधा तारीख व नांव पेन्सिलीनें लिहिलेलें असतें. तें आधीं उतरून घ्यावें, कारण पेन्सिल सर्वांत आधीं पुसली जाते.